एकही खाडा नाही

"आधीच्या कंपनीत आजारपणाच्या रजा किती झाल्या होत्या?" नव्या कंपनीच्या मुलाखतीत प्रियदर्शिनी मॅडमनी किरणला विचारलं.

याच प्रश्नाच्या धास्तीनं तो आठवडाभर झोपला नव्हता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण यानं चोरी कसली केली होती? आजारी पडला होता, एवढंच. रंगाच्या कारखान्यात पॅकिंगला असताना तिथली पावडर छातीत बसली आणि गेल्या पावसाळ्यात त्यानं दोन महिने अंथरूण धरलं. "आणखी महिनाभर त्या पावडरीत राहिला असतास तर हाती लागला नसतास," असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. बिरवाडीच्या खोलीवरच्या पोरांनी त्याच्याकडून घोकून घेतलं होतं, रजेचं नाव काढायचं नाही. आजारी माणूस आणि आटलेली म्हैस, दोन्ही कुणी दावणीला बांधत नाही.

ही नोकरी स्टोअरमधली होती. डोक्यावर छप्पर, नाकात पावडर नाही, आणि कायम व्हायची आशा. अशी संधी पुन्हा दारात येणार नव्हती. तरी ऐन वेळी घोकलेलं सगळं विसरलं आणि जीभ खरं तेच बोलली.

"घेतली होती, मॅडम. जरा लांबली."

मॅडमनी मान हलवली आणि जुन्या कारखान्यात फोन लावला. स्पीकर चालूच होता. पलीकडे पॅकिंगचा सुपरवायझर कोंडाजी होता.

"किरण ना, कुडपनचा? अवो मॅडम, डोळे झाकून घ्या. गेल्या पावसाळ्यात निम्मी मानसं आजारी पडली, पन ह्याचा एक खाडा नाय!"

"दुसरा कुणी किरण असेल," किरण पुटपुटला.

"दुसरा कुठला?" कोंडाजीला ते ऐकू गेलं. "गेटवर मीच कार्ड बघायचो की. समद्यांसारखं तोंडाला फडकं, डोक्याला टोपी, नुसते डोळे दिसायचे. पन तेव्हा जरा चमत्कारिकच झाला होता हां मॅडम. बोलायचा नाय. नावानं हाक मारली तर ओ द्यायचा नाय, नुसता वळून बघायचा. डबा पन आमच्यात नाय खायचा. शेडच्या मागं, भिंतीकडं तोंड करून बसायचा एकटाच."

मॅडमनी फोन ठेवला आणि त्या हसल्या. "अहो, न घेतलेली रजाही सांगायची, इतका खरेपणा बरा नव्हे. सोमवारपासून या."

एरवी किरणनं आनंदानं तिथंच उडी मारली असती. पण तो त्या फोनकडेच बघत राहिला. त्या दोन महिन्यांत तो वरंधला, बहिणीच्या, सुरेखाच्या घरी पडून होता. रजेचा निरोप आईनं कारखान्यात दिला होता. तापात तो सारखा 'गोणी संपल्या का?' असं विचारायचा, हे सुरेखानंच मागून सांगितलं होतं. आणि शेजारची म्हातारी तुळजाबाई उंबऱ्यातून आत यायला तयार नसायची. म्हणायची, "अंग हितं हाय गो, पन जीव कामावर गेलाय त्याचा. हाक मारून आना त्याला." तेव्हा सुरेखा तिला हसली होती. किरणला आता हसू येईना.

गावी निघताना पोलादपूरला जाणाऱ्या गाडीत धुरळा येत होता म्हणून त्यानं तोंडाला रुमाल बांधला. समोरच्या आरशात फक्त दोन डोळे दिसले. त्यानं रुमाल ओढून काढला आणि पुढचा सगळा रस्ता तसाच खोकत गेला. बरा होऊन उठला त्याच आठवड्यात जुनं कंत्राट संपलं होतं, त्यामुळे तो त्या गेटकडे पुन्हा फिरकलाच नव्हता. फिरकला असता तर तिथं कोण भेटलं असतं, हा विचार काही केल्या डोक्यातून जाईना. त्याच्या कार्डावर, त्याच्या कपड्यांत जे रोज येत होतं, ते आता कुठं होतं?

कुडपणला पोचला तेव्हा त्याची आई, बयाबाई, गोठ्यासमोर गवताचे भारे सोडत होती. आईबद्दल त्याच्या मनात अढी होती. तो वरंधला मरणाच्या दारात असताना ती फक्त रविवारी यायची, आणि आली की भिंतीला टेकून झोपून जायची. "पावसाचं गुरं टाकून कुटं येऊ?" एवढंच म्हणायची. लेकापेक्षा गुरं जड झाली, हे त्याला फार लागलं होतं. औषधाचे पैसे मात्र तीच आणायची, दुधाचे म्हणून.

"लागली नोकरी?" तिनं विचारलं.

"लागली." तो तिथंच दगडावर बसला. "आये, ते म्हनतात माजा एकबी खाडा नाय. मी तर वरंधला निजून होतो. मंग माज्या जागी तिथं कोन येत होतं गो?"

बयाबाई घाबरली नाही. तिनं हातातला विळा खाली ठेवला आणि पदरानं तोंड पुसलं. मग एखादी चूक कबूल करावी तशी हळूच म्हणाली,

"बाप्ये पाठीवर नेतात गोनी. मला डोक्यावर न्यायची सवय... त्यावरनं कोन हसलं तर नाय ना रे तुला?"