बिघाड सापडला

दुरुस्तीच्या दुकानात दिवसभर चालणारा स्वराजचा गेमिंग लॅपटॉप डिंगोरे गावात घरी नेला की सारखा बंद पडायचा, म्हणून मेकॅनिक कपिल शेवटी त्याच्या घरीच आला. बॅटरी गेलेली होती आणि थ्री-पिनचा बोर्ड घरात एकच, आतल्या खोलीत, लकव्यानं वाचा गेलेल्या आईच्या खाटेशी. बाहेर स्वराजचा गेम रंगात येताच स्क्रीन काळी झाली. कपिलनं आत पाहिलं. म्हातारीचा चालता हात बोर्डाच्या बटणावर होता. स्वराज चडफडत बोर्डापाशी वाकला, तसा तोच हात त्याच्या केसांवरून फिरला.

"लॅपटॉपला काय झालेलं न्हाई," कपिल त्याला बाहेर घेऊन म्हणाला. "तू जवळ यावा म्हणून आईच बटण बंद करती."

आठवड्यानं स्वराजचा फोन आला. "लई उपकार झाले, भाऊ. आईची खाट गोठ्यात टाकली. तवापासून एकदा बी बंद पडला न्हाई."