परका घोडा

घोडेस्वारांच्या तळावर दोन पाइनच्या झाडांमधे ताणलेल्या दोराला ड्वाइटचा घोडा बिस्किट आणि त्याच्या बायकोची, लोर्नाची, घोडी बांधलेली होती. शेजारी सकाळीच ट्रेलर लावलेली बाई आपल्या तांबड्या घोडीला हाताशी धरून कॉफीला आली.

"ही मॉरीन. सकाळी हौदापाशी ओळख झाली," ड्वाइट म्हणाला.

लोर्नाने तिला पायांपासून न्याहाळलं. गुडघा धरल्यामुळे उन्हाळाभर लोर्ना घरीच होती, आणि ड्वाइट दर शनिवारी बिस्किटला घेऊन एकटाच इथे यायचा. या बाईचे गुडघे मात्र ठणठणीत दिसत होते.

"बाई, घोडी लांब बांधा," लोर्ना म्हणाली. "परकं जनावर जवळ आलं की आमचा बिस्किट लाथा झाडतो. माझ्या घोडीला त्याने महिनाभर जवळ फिरकू दिलं नव्हतं."

"मी बांधतो ना," म्हणत ड्वाइट घाईने उठला. तेवढ्यात हिसका देऊन तांबडी सरळ बिस्किटपाशी गेली. लोर्नाने डोळे मिटून घेतले. लाथेचा आवाज आलाच नाही. डोळे उघडले तेव्हा दोघं एकमेकांच्या आयाळीखाली दातांनी सावकाश खाजवत उभी होती.

"बघ, शहाणा झाला की," ड्वाइट शेकोटीकडे बघत म्हणाला. मॉरीन कॉफीत बघत होती.

लोर्ना लंगडत उठली आणि आपल्याच घोडीचा दोर सोडायला लागली.

"अगं, तिला कुठे नेतेस?"

"लांब बांधते. इथे परकी तीच आहे."