शेजारची चटई

गावाबाहेरच्या माळावर आरोग्य आणि संगीताचा महोत्सव भरला होता. दातांची डॉक्टर असलेली थोरली मानदुखीने बेजार होऊन तिथे आली आणि सकाळच्या मौनाच्या सत्रात जाऊन बसली. डोळे मिटण्याआधी तिने सहज शेजारच्या चटईकडे पाहिलं, तर तिथे तिची सख्खी धाकटी बहीण! आईच्या आजारपणात कोणी किती केलं, यावरून दोघींचं वाजलं होतं आणि आई गेल्यावरही ते मिटलं नव्हतं. तेव्हापासून फोनसुद्धा बंद. थोरलीला वाटलं, उठून जावं. पण एवढ्या शांततेत चारचौघांसमोर उठणार कशी? ती तशीच बसून राहिली.

झाडाची सावली सरकली आणि ऊन थोरलीच्या तोंडावर आलं. धाकटीने आपली टोपी काढून गुपचूप तिच्या डोक्यावर ठेवली. थोड्या वेळाने धाकटीला खोकल्याची उबळ आली, तेव्हा थोरलीचा हात आपसूक तिच्या पाठीवरून फिरू लागला. खोकला थांबला तरी तो हात तिथेच राहिला.

सत्र संपल्याची घंटा झाली. सगळीकडे गप्पांचा गलका उठला. इतकी वर्षं मनात घोळवलेलं सगळं थोरलीच्या ओठांवर आलं.

"हे बघ, त्या वेळी तू..."

"आत्ता नको, ताई," धाकटी हलकेच म्हणाली. "इतकी वर्षं नुसता अबोला धरला. आज पहिल्यांदा आपण दोघी मिळून गप्प बसलोय. अजून थोडं बसू या ना."