मागावरचं बोलणं

"आजोबा, आजी काहीतरी सांगताहेत," नर्स म्हणाली. बाळकू बायकोच्या खाटेवर वाकला. ऑक्सिजनचा मास्क वाफेनं पांढरा झाला होता आणि त्याच्याआड हौसाचे ओठ हलत होते.

नर्सनं मास्कला कान लावला. "आवाजच येत नाहीये."

येणार कुठून? दोघांचा सारा जन्म यंत्रमागांच्या खडखडाटात गेलेला. तिथे ओरडूनही ऐकू जात नसे, म्हणून शेजारच्या मागावरून ती नुसते ओठ हलवायची आणि तो ते वाचायचा. भूक, भांडण, दिवस गेल्याची बातमी, सगळं त्याला असंच कळलेलं. पुढे घरीसुद्धा तिनं त्याच्यासाठी कधी आवाज खर्चला नाही. शेजारणी म्हणायच्या, हौसा अबोला धरून संसार करते.

"मास्क जरा काढा की, बाई. मला दिसंना झालंय."

"काढला तर श्वास थांबेल त्यांचा."

त्यानं टोपीनं मास्क पुसला, पण वाफ आतल्या बाजूला होती.

हौसानं भुवया उंचावल्या. 'कळलं का?' हे ती मागावरून असंच विचारायची.

बाळकूनं होय म्हणून मान हलवली.

तिचे ओठ थांबले.