नांगी

चमचा बशीवर पडला आणि तिचा नवरा टेबलाखाली गेला.

ती खाली वाकली, घामाने भिजलेल्या त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "चमचा आहे हो, नुसता चमचा," लहान मुलाची समजूत काढावी तसं सांगत राहिली. समोर तिचा थोरला भाऊ बसला होता. दादाने आपला कप अलगद खाली ठेवला.

धातूचा आवाज म्हटला की घरात हीच गत. तिने भांडी फडक्यावर ठेवायला सुरुवात केली होती, दाराची घंटा काढून टाकली होती. दादा तर केवढा समजूतदार! तो साबणाच्या कारखान्यात फोरमन. तिथल्या एकूण एक कुलपाची दुसरी किल्ली त्याच्या जुडग्यात असायची आणि त्या जुडग्याचा त्याला कोण अभिमान. पण बहिणीच्या दारात आला की तो जुडगा रुमालात करकचून गुंडाळायचा आणि मगच आत पाऊल टाकायचा. असा भाऊ दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही, असं ती शेजारणीला सांगायची.

नवराही त्याच कारखान्यात. साबण ढवळायच्या टाकीत उतरून पात्यांवर बसलेला थर खरवडायचा, हे त्याचं आणि त्याच्या जोडीदाराचं काम. जोडीदार चांगला सहा फुटी, सगळे त्याला लंबूच म्हणत. नियम साधा होता. आत उतरण्याआधी जोडीतल्या एकाने यंत्राच्या बटणाला आपलं कुलूप लावायचं आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. या जोडीत ते काम नवऱ्याचं, आणि त्याने हा नियम कधी मोडला नव्हता.

आणि एके दिवशी दोघे आत असताना पाती फिरली. नवरा शिडीजवळ होता म्हणून वाचला. लंबू गेला.

चौकशीला माणसं आली तेव्हा कुलूप बटणाला नव्हतं, खुंटीवर टांगलेलं होतं. किल्ली नवऱ्याच्या खिशात सापडली, पण ती तर कायमच तिथे असायची. त्याला काही सांगताच येईना. तो दिवस त्याच्या डोक्यात सांडलेल्या धान्यासारखा पसरला होता, मूठभर इथे, मूठभर तिथे. "विसरलो असेन," एवढंच तो म्हणाला आणि आपल्याच हाताने गळ्यात धोंड अडकवून बसला. शेवटी दादानेच साहेबांकडे रदबदली केली. माणूस थकला होता, चूक माणसाच्याच हातून होते, असं सांगून त्याने मेहुण्याची नोकरी वाचवली.

नोकरी वाचली, माणूस काही वाचेना. साबणाच्या वासाने त्याला उलटी व्हायची. "मी मारलं त्याला," म्हणत तो भिंतीला टेकून बसायचा. लंबूची बायको एके काळी तिची जिवाभावाची मैत्रीण. आता ती रस्त्यात दिसली की पलीकडच्या कडेने निघून जायची. या सगळ्यात हिला स्वतःला एकच हवं होतं. पूर्वीचा नवरा परत हवा होता.

नवीन उपचार निघालाय, आठवणच पुसून टाकतात, असं दादाच्या कानावर आलं. त्यानेच दोघांना गाडीत घालून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी पहिल्याच भेटीत तो गैरसमज दूर केला.

"पुसत काही नाही आम्ही. रक्तदाबाची जुनीच गोळी आहे. ती आधी घ्यायची, आणि छातीतली धडधड आवरली की तो प्रसंग मला सांगायचा. दर आठवड्याला, पुन्हा पुन्हा. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. पण आला, तर प्रसंग तेवढा राहतो आणि त्याची नांगी मोडते."

"पण विसरतील ना ते?" दादाने विचारलं.

"उलट. भीती ओसरली की काहींना सुटे तुकडे जुळवता येतात."

बाहेर आल्यावर दादा गाडी सुरू न करता नुसताच बसून राहिला. त्याचा उतरलेला चेहरा बघून तिलाच भरून आलं. माझ्या माणसासाठी याचा जीव किती तुटतो, असं तिला वाटलं.

पहिल्या वेळी नवऱ्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. पुढच्या खेपेला तो टाकीच्या तोंडापर्यंत पोचला, मग शिडीपर्यंत. हळूहळू त्याला झोप लागू लागली. एकदा त्याने लंबूच्या चालण्याची नक्कल केली, स्वतःच हसला आणि मग पोटभर रडला. बाई म्हणाल्या, चांगलं लक्षण आहे.

"आता पुरे," दादा तिला बाजूला घेऊन म्हणाला. "खपली किती वेळा काढायची? माणूस हसायला लागला, अजून काय पाहिजे तुला?"

बाप गेल्यावर दादानेच तिला वाढवलं होतं. त्याचा शब्द तिने कधी खाली पडू दिला नव्हता. पण या वेळी ती हटून बसली.

"एकच भेट राहिलीय, दादा. धुणं पिळायचं ठेवून कुणी उठतं का?"

त्या शेवटच्या भेटीला दादाला वेळच झाला नाही. ती नवऱ्याला बसने घेऊन गेली.

नवरा आतून बाहेर आला तो ताठ मानेने. चेहरा कोरडा होता, हात स्थिर होते. घरी पोचल्यावर त्याने एवढंच सांगितलं, "दादांना चहाला बोलव." आभार मानायचे असतील, असं समजून तिने लगेच फोन लावला.

दादा आला. सवयीप्रमाणे रुमालाची पुरचुंडी खिशात कोंबू लागला, तसा तिने त्याचा हात धरला.

"राहू दे रे, आता कशाला लपवतोस? बघच तू."

तिने गाठ सोडली आणि जुडगा टेबलावर आपटला. खोलीभर खणखणाट झाला.

नवरा जागचा हलला नाही. त्याच्या हातातल्या कपातला चहासुद्धा हिंदकळला नाही. तिचे डोळे भरून आले. इतक्या दिवसांच्या कष्टांचं चीज झालं होतं.

"बघितलंस, दादा?"

नवरा जुडग्याकडे बघत होता. त्याने कप खाली ठेवला.

"कुलूप मी लावलं होतं," तो शांतपणे म्हणाला. "पाती फिरायच्या आधी वरून हाच आवाज आला."