बोर्डो

मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी शंभर लिटर. द्राक्षबागेच्या बांधावर आई काठीने पिंप ढवळत होती. परदेशी शिकायला जायचं नाही, असं बजावून ती चार दिवस लेकीशी बोलली नव्हती.

"आई, दोनच वर्षं. वाइन करायला शिकेन आणि परत येईन."

"अनोळखी मुलखात? कोण आहे गं तिथं आपलं?"

"गावाचं नाव तरी विचार."

"काय?"

"बोर्डो."

काठी थांबली. आईने पिंपातल्या निळ्या औषधाकडे पाहिलं. "हे? आपल्या या फवारणीच्या औषधाचं नाव?"

"तिकडच्याच द्राक्षांसाठी पहिल्यांदा केलं हे. तिथल्या वाइनलाही बोर्डोच म्हणतात."

"मला वाटायचं, कंपनीचं नाव असेल. तिथं माणसं राहतात?"

जे नाव तिने तीस वर्षं काठीने ढवळलं, त्याला रस्ते होते, घरं होती, बागा होत्या.

आईने कोयता पिंपात बुडवून काढला. पात्यावर तांबूस डाग पडला नाही, म्हणजे मिश्रण जमलं होतं. मग तिने आपली निळी पडलेली बोटं लेकीपुढे धरली.

"जा. तिथल्या बायांची नखं अशीच असतात का, ते बघून कळव."