आई जेवेना

दोन्ही नाणी काटा पडली.

"नाही म्हणतेय," मामा म्हणाले. "जेवण झालेलं नाही तिचं अजून."

पेइ-रोंगने वाकून फरशीवरची नाणी उचलली. एक छापा आणि एक काटा पडला की आईचं जेवण झालं. मग कागदी कमळं पेटवायची, मग बाकीच्यांनी पानावर बसायचं. आई जाऊन आज सातवा दिवस. उदबत्ती अर्ध्याच्या खाली आली होती, चार वेळा विचारून झालं होतं आणि फोटोतली आई काही केल्या हो म्हणत नव्हती.

विचारायचं लेकरानेच. आणि आईला पेइ-रोंग एकटीच.

"भातावर रस्सा कमी पडला असेल," मावशी म्हणाली. श्यू-यिंग मावशी म्हणजे आईची पाठची बहीण. सोनेरी कागदाचं कमळ दुमडताना तिचं तोंडही तितक्याच वेगाने चालायचं. "ताईला भात नुसता पोहायला लागायचा रश्श्यात. विचार."

पेइ-रोंगने विचारलं. दोन्ही काटे.

"बागेतली जामाची फळं ठेवलीत का? नाहीत? ठेव मग."

जाम ठेवले. दोन्ही छापा.

"हसतेय आपल्याला," मामा म्हणाले.

"मग कॅप्टनची वाट बघत असेल!" मावशी बोलून गेली.

मांडवातल्या बायका खुदकन हसल्या. मावशीने जीभ चावली, पण विषय निघाला तो निघालाच.

"खरंच की. फोनवर फोटो होता ना त्याचा, गणवेशात वाळूत उभा राहिलेला?"

"येमेनमध्ये म्हणे. लढाई संपली की इथे येणार, लग्न करणार, जामाची बाग बघणार."

"मी एकदा विचारलं तिला," मावशी म्हणाली. "म्हटलं, ताई, नाव तरी काय गं तुझ्या साहेबाचं? तर म्हणते, असेल काहीतरी, गोऱ्यांची नावं माझ्या कुठे लक्षात राहतात! घ्या. जीव ओवाळून टाकला आणि नाव आठवेना. अडुसष्टाव्या वर्षी!" मग तिचा आवाज खाली आला. "आमच्या आईचं कडंसुद्धा विकलं. कशासाठी, तर त्याच्या सुटीचा परवाना काढायला. रिकाम्या मनगटाने गेली बाई."

पेइ-रोंगचे कान तापले. गेलं वर्षभर हे असंच चाललं होतं.

दोघी पोलीस चौकीत फसवणुकीची तक्रार द्यायला गेल्या, त्या दिवशीही ते असेच तापले होते. हवालदाराने कागद पुढे ओढला, "हं, सांगा," म्हणाला, आणि पेइ-रोंगचं तोंड उघडायच्या आत आईने खुर्ची टेबलाला भिडवली. "लिहा. मीच ती मूर्ख."

हवालदाराने चष्म्यावरून दोघींकडे पाहिलं. "आजी, तुमची मुलगी शाळेत इंग्रजी शिकवते. तिला ते मेसेज एकदा तरी दाखवायचे होतेत!"

"लाज वाटली हो. तिला यातलं काही ठाऊक नाही. तिचं नाव कागदावर नको."

पेइ-रोंग फरशीकडे बघत बसली होती. टेबलाखाली आईचा हात तिच्या गुडघ्यावर होता, घट्ट.

आठवडाभरात गावाला कळलं. बाजारात मासेवाला ओरडायचा, "काय कॅप्टनीणबाई, साहेबांचं विमान कधी उतरतंय?"

"उतरलं की पहिला मासा तुझ्याकडूनच नेईन," आई म्हणायची. "ताजा ठेवशील तर!"

तो हसायचा, आईही हसायची. पेइ-रोंग तेवढ्यात शेजारच्या दुकानातल्या कोथिंबिरीच्या जुड्या उलटसुलट करून बघत राहायची. पुढे तर ती बाजारात आईच्या दहा पावलं पुढेच चालायला लागली. शाळेतल्या एक बाई म्हणाल्या, "आईकडे लक्ष द्या हो. एकट्या बायकांना बरोबर हेरतात मेले." त्यावर ती "देते" एवढंच म्हणाली. आईच्या बाजूने एक शब्द तिच्या तोंडून निघाला नव्हता.

देवळापुढच्या पटांगणात संध्याकाळी बायका नाचायला जमायच्या. आईने तिथे जाणं सोडलं. "गुडघे दुखतात," म्हणायची. मागच्या मंगळवारी तेच गुडघे घेऊन ती सकाळी बागेत फळांना पिशव्या बांधायला गेली, पडली आणि पुन्हा उठली नाही.

गेले सात दिवस एक वाक्य पेइ-रोंगच्या जिभेवर येऊन परत जात होतं. आज सगळे जमतील. आज मावशीला, सगळ्यांना ऐकवायचं, असं तिने ठरवलं होतं. सकाळी आरशासमोर ते दोनदा म्हणूनही पाहिलं होतं.

"मावशी," ती म्हणाली.

मावशीची बोटं कमळावर थांबली. "काय गं?"

फोटोतली आई समोर होती. चौकीत खुर्ची पुढे ओढताना होता, तसाच चेहरा.

"काही नाही. नाणी टाकते पुन्हा."

"ऐक पोरी," मामा म्हणाले, "तोंडाने विचारून झालं. आता मनात विचार. पोटच्या लेकीचं तिला तसंही ऐकू येईल."

पेइ-रोंगने नाणी ओंजळीत धरली, कपाळाला टेकवली. बराच वेळ तिचे ओठ हलले. मग तिने ओंजळ सोडली.

एक नाणं तिथेच पडलं. दुसरं घरंगळत मावशीच्या चपलेपाशी गेलं, गिरक्या घेत आडवं झालं.

एक छापा. एक काटा.

"झालं बाई एकदाचं!" मावशीने डोळे पुसले, कमळांची टोपली उचलली. "एवढं काय विचारलंस गं तिला?"

"जेवलीस का, एवढंच."

सगळे मांडवाबाहेर कमळं पेटवायला गेले. पेइ-रोंग गुडघ्यांवर बसून राहिली. तिने आईला विचारलं होतं, "आई, तो कॅप्टन माझा होता, हे मी कधीच कुणाला सांगणार नाही. आता तरी जेवशील?"